सोजतला आलेला मेंदीचा डबा

सोजतच्या लग्नाला मेंदी बाहेरून आली, हे लिहितानाही मला खरं वाटत नाही. राजस्थानातल्या या आमच्या गावात उतरलं की आधी मेंदीचा वास नाकात शिरतो. मेंदीच्या गिरण्यांच्या गल्लीतल्या शेळ्यासुद्धा धुराळ्याने हिरवट दिसतात. आणि माझ्या पुतणीच्या, किस्तुरीच्या, लग्नाला तिच्या सासरहून जयपूरच्या कुठल्याशा दुकानातले चोवीस कोन आले. चंदेरी डब्यात, वर लाल फीत.

मेंदी सासरची असते, हे मला मान्य आहे. आमच्याकडे नवरीच्या हातावर सासरहून आलेलीच मेंदी चढते. ती नाकारली तर ते घरच नाकारल्यासारखं होतं. पण सासर कुठलंही असो, आजवर मेंदीचा पाला इथूनच जायचा आणि ओटीत बांधून इथेच परत यायचा. रीत अशी पाळली जायची.

डबा घेऊन नवऱ्या मुलाची आत्या आली होती. तिला सगळे भुआसा म्हणत. दोन दिवस आधीच येऊन त्या आमच्या माडीवर उतरल्या होत्या. मेंदीच्या सकाळी बायका चौकात बसल्या, किस्तुरी पाटावर बसली, आणि धापूबाईने पहिला कोन उघडला. चाळीस वर्षं या गावातल्या नवऱ्या मुलींचे हात तिने रंगवले आहेत. तिने कोन नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

मी दारात उभा होतो. तो वास माझ्यापर्यंत आला आणि मी तो ओळखला. सात वर्षांपूर्वी, शाळेच्या वाचनालयातून निवृत्त होताना, निरोप समारंभासाठी मी केस काळे केले होते. त्याच वासाचं काहीतरी होतं. दुसऱ्या दिवशी डोकं भोपळ्यासारखं सुजलं, डोळे मिटले, आणि पाच दिवस पाली शहरातल्या दवाखान्यात काढले. समारंभ माझ्याशिवायच झाला.

मी डबा उचलून चष्मा लावला. आत काय आहे ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. फक्त ‘एका तासात काळीभोर’.

“भुआसा,” मी म्हणालो, “यात पाला दिसत नाही. हे केसांच्या रंगासारखं काहीतरी आहे. मुलीचे हात भाजतील.”

बायका खो खो हसल्या. कुणीतरी माझ्याकडे बोट करत म्हणालं, “बाबोसांना पण एक फूल काढा गं, धापूबाई!”

“अहो, जयपुरात सगळ्या हेच लावतात,” भुआसा म्हणाल्या. “संध्याकाळी फोटोवाला येणार. तुमची पाल्याची मेंदी दोन दिवसांनी रंगणार, तोवर नारिंगी हात बघून आमच्याकडच्या बायका काय म्हणतील? सासूचा सुनेवर जीव नाही म्हणून रंग चढला नाही, असंच ना?”

“पण हात...”

“भाईसा,” माझा धाकटा भाऊ घेवर, किस्तुरीचा बाप, दातओठ खात म्हणाला, “हे वाचनालय नाही. ठेवा तो डबा.”

मी ठेवला. हे सांगायला लाज वाटते, पण ठेवला. आणि मनात आलं, मला राग नक्की कशाचा आलाय? कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली माझी वाटी होती. फाल्गुनात मी स्वतः पाला निवडला होता, मलमलीतून तीन वेळा चाळला होता, काल लिंबाच्या रसात भिजवला होता. मुलीच्या हातांसाठी भांडतोय, की माझी वाटी कुणी विचारली नाही म्हणून? खरंच सांगता येईना. शेवटी ती वाटी निदान आत न्यावी म्हणून मी वाकलो.

फडकं ओलं होतं, पण उलटं टाकलेलं. आणि वाटी अर्धी झाली होती.

मी वाटी हातात घेऊन मान वर केली. भुआसा किस्तुरीचा हात धरून म्हणत होत्या, “लाव, धापू, लाव.” त्यांचा स्वतःचा तळवा माझ्यासमोरच होता. कोवळा नारिंगी. नुकत्याच खरवडलेल्या पाल्याचा एक हिरवा कण अंगठ्याच्या नखात अडकला होता.

“भुआसा,” मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, “तुमच्या हाताला कुठली मेंदी आहे?”

त्यांनी हात ओढणीत घेतला. “मोठ्या माणसाने बायकांचे हात बघत बसू नये.”

“याच वाटीतली,” धापूबाई खाली बघतच म्हणाली. “पहाटे मला माडीवर बोलावून लावून घेतली. मी म्हटलं, तुमचे कोन आहेत की. तर म्हणाल्या, मला ते सोसत नाही, गेल्या दिवाळीला फोड आले होते.”

मघाशी हसणाऱ्या बायका भुआसांच्या ओढणीकडे बघू लागल्या.

“मग आमच्या पोरीला सोसेल?” मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो असेन. “तुम्हाला ठाऊक होतं! स्वतःचे हात जपलेत आणि तिच्या हातांवर विष काढायला सांगताय, तेही रीत म्हणून? आणि तू, धापू, पहाटेपासून ठाऊक असून गप्प? आणि तू रे घेवर?”

घेवर पुटपुटला, “शकुनापुरता त्या कोनातला एक ठिपका लावू या. लग्न मोडायला नको.”

त्याचं ते बोलणं मला भुआसांच्या डब्यापेक्षा जास्त लागलं. ज्याने या मुलीला खांद्यावर बसवून मेंदीच्या शेतात फिरवलं, तो बाप ठिपक्याचा सौदा करत होता.

किस्तुरी आतापर्यंत खाली मान घालून होती. तिने भुआसांच्या हातातून आपला हात सोडवला. कोन उचलून डब्यात ठेवला, फीत बांधली, डबा त्यांच्या मांडीवर दिला. मग माझ्या हातातली वाटी घेऊन धापूबाईपुढे सरकवली आणि दोन्ही तळवे पसरले.

“अगं, रंग फिका आला तर घरी मी काय सांगू?” भुआसा म्हणाल्या.

“काही सांगू नका, भुआसा,” किस्तुरी म्हणाली. “तुमचा हात दाखवा.”