वीतभर लांबीचा अडॅप्टर

पिराजीला खाणीच्या फाटकावर बसायला स्टूल मिळालं होतं, आणि त्या स्टुलावर बसून त्याला जगायचं नव्हतं.

मागच्या वर्षापर्यंत तो त्याच खाणीची जीप चालवायचा. कानडी मुलखातल्या शहराबाहेर, मागडी रस्त्याच्या पुढे डोंगरावर दगडाची खाण. वर पाण्याचा थेंब नाही. खालच्या विहिरीवर पिंपं भरायची आणि खडकाच्या वाटेने वर न्यायची, हे त्याचं काम. दगड फोडणाऱ्यांची वस्ती त्या पाण्यावर जगायची. मग बाजारात एका लॉरीखाली त्याचा डावा पाय सापडला आणि गुडघ्याखालून कापावा लागला. तो इस्पितळात असतानाच घरी चंपा तापाने गेली. बायकोला शेवटचं बघायलाही त्याला उठता आलं नाही.

त्यानंतर तो कशालाच हवं किंवा नको म्हणेना. चंपाचा धाकटा भाऊ परसू म्हणाला, दाजी, माझ्याकडे राहा. तो राहिला. मुलगी बेळगावहून आली आणि म्हणाली, आईची लुगडी वाटून टाकू या का? तो म्हणाला, टाक. खाणीचे मालक हयवदनराव म्हणाले, फाटकावर बस. तो बसला.

नवे ड्रायव्हर टिकेनात. तो खडकाचा चढ बघूनच ते माघारी फिरायचे. जीप शेडमध्ये उभी राहिली आणि बायका डोक्यावर हंडे घेऊन पिराजीच्या समोरून वर चढू लागल्या. एकीला दिवस गेलेले होते. ती फाटकाला टेकून दम खायची. तिसऱ्या वेळी ती अशी टेकली तेव्हा पिराजीने कुबड्या घेतल्या आणि तो मालकांकडे गेला.

"जीप मला द्या."

हयवदनराव चांगले माणूस, पण बोलायला रोखठोक. "अरे, क्लच काय मिशीने दाबणार?"

"क्लच नसलेली केली तर?"

"अशी जीप असते होय?"

"नसते. करायची."

मालकांनी हातातली वही मिटली. वर्षभरात हा माणूस इतकं बोलला नव्हता. "सरी, तसं तर तसं," ते म्हणाले. "दसऱ्यात आयुधपूजेच्या दिवशी भरल्या पिंपांनिशी वर ये. त्या दिवशी ज्याच्या हातात किल्ली, वर्षभर गाडी त्याची. आपल्याकडची रीतच आहे. नाही जमलं तर मी कायमचा माणूस ठेवणार. मग माझ्यावर रुसायचं नाही."

परसूचं शहरात कलासीपाळ्यात लहानसं गॅरेज होतं. होसूर रस्त्यावर झाडाला धडकलेली एक अमेरिकन गाडी त्याच्याकडे मोडीत पडून होती. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. गिअर आपोआप बदलतात, डाव्या पायाला कामच नाही. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उचलून जीपमध्ये बसवायचे, हे सोपं. अवघड होतं ते पुढचं. जीपला चारही चाकांची ओढ लागते. ती ओढ पुढे-मागे वाटायला गिअरबॉक्सच्या पाठीमागे आणखी एक लोखंडी पेटी असते, ट्रान्सफर केस. अमेरिकन गिअरबॉक्स आणि जीपची ट्रान्सफर केस यांची तोंडं एकमेकांना जुळत नव्हती. मधे जोड हवा होता, म्हणजे अडॅप्टर.

तिथल्याच शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या बाजारात, भागुबाईचं मोडीचं दुकान होतं. निपाणीकडची बाई, तोंडात तंबाखू, लष्कराच्या जुन्या मालाची खडान्खडा माहिती. तिने दोन अडॅप्टर पुढे टाकले. एक चार बोटं जाडीचा, नुसती कडी म्हणावी असा. दुसरा चांगला वीतभर लांब, आत स्वतःचा बेअरिंग, दोन्ही तोंडांना ऑईल अडवणारे सील.

"ह्यो लांबडा कशाला?" परसू म्हणाला. "एवढा लांब घातला की ट्रान्सफर केस मागं सरकणार. मग चाकांकडं जाणारा मागचा शाफ्ट कापा, पुढचा वाढवा. आखूड द्या, भागुबाई. आज नेला की उद्या बसला."

"तुझं काय म्हणणं, पिराजी?" भागुबाईने विचारलं.

पिराजीने लांब अडॅप्टर हातात घेतला. फिरवून पाहिला. मग खाली ठेवला. "परसू म्हणतोय ते घ्या."

आखूड अडॅप्टर बसला. सपाटीवर जीप लोण्यासारखी पळाली. परसूने गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दोघे खाणीवर गेले, पिंपं भरली आणि वाटेला लागले. पहिलं वळण गेलं. दुसऱ्यावर इंजिन ओरडायला लागलं, पण चाकं फिरेनात. जीप मागे घसरली. पिराजीने हातब्रेक ओढला, इंजिन लगेच बंद केलं. वरून कोणीतरी हसलं. पिंपं तिथेच ओतून रिकामी करावी लागली. ते पाणी खडकावरून वाहत गेलं तेव्हा पिराजीने मान फिरवली.

"ऑईल कमी झालं असेल," गॅरेजमध्ये परसू म्हणाला. "भरू या वर."

गिअरबॉक्समधली ऑईल मोजायची पट्टी काढली. ऑईल खरंच कमी होतं. पण खाली कुठे गळल्याचा डाग नव्हता. पिराजी फळीवर आडवा झाला, सरकत गाडीखाली गेला आणि त्याने ट्रान्सफर केसचा बोल्ट ढिला केला. एरवी तिथून काळं, घट्ट ऑईल काकवीसारखं उतरतं. आता लालसर, पातळ धार लागली.

"परसू, इकडं ये. बोट लाव."

परसूने बोट लावलं, चोळलं. "हे तर गिअरबॉक्सचं."

"व्हय. सगळं ह्या पेटीत उतरलंय."

"मग काय झालं? जीपमध्ये दोन्ही पेट्या एकाच ऑईलवर चालतात की. आपण जन्मभर तसंच भरत आलोय."

"तिथंच चुकलो. जीपचा गिअरबॉक्स आणि ही पेटी सख्ख्या भावंडांसारखी. एका ताटात जेवली तरी भांडत नाहीत. हा अमेरिकन तसला नव्हे. त्याची ओढच त्या लाल ऑईलवर. ते इकडं उतरलं की तो उपाशी. आणि हिचं घट्ट त्याच्या पोटात गेलं की तो मेलाच. मधे आडभिंत पाहिजे."

"एका घरात दोन चुली म्हणा की," परसू हसला. "आमच्या घरी दोघी जावांच्या झाल्या तशा."

"झाल्यापासून भांडण आहे का?"

"न्हाई. उलट आमटी पण पोचवतात एकमेकींना."

"मग झालं. लांब अडॅप्टर आण. त्याला दोन्हीकडं सील आहे."

परसूचं तोंड उतरलं. "दाजी, शाफ्टचा कोन वाढंल. चढावर सांधा मोडंल. त्यापेक्षा आखूडच ठेवू, रोज ऑईल घालू. आजचं भागंल."

"नको," पिराजी म्हणाला.

परसूने पान्हा खाली ठेवला. चंपा गेल्यापासून त्याने हा शब्द दाजींच्या तोंडून ऐकला नव्हता.

"नको म्हणजे नकोच," पिराजी पुढे म्हणाला. "वस्तीला रोज पाणी लागतं. आजचं भागवून काय करू? इंजिन पुढं घे. रेडिएटरही पुढं सरकव, ग्रिलला टेकू दे. तेवढी पेटी कमी मागं जाईल. उरेल तेवढाच शाफ्ट कापायचा. कुठं कापायचा ते मी सांगतो."

भागुबाईने आखूड अडॅप्टर परत घेतला आणि लांब दिला. "पहिल्यांदाच डोळ्यात भरला होता तुझ्या," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. तवा तोंडाला कुलूप लावलंस कशाला?"

"आता उघडलंय," पिराजी म्हणाला.

ट्रान्सफर केस आतून धुतली. गिअरबॉक्स ताज्या लाल ऑईलने दोनदा खळबळून काढला. इंजिन वेळेवर बंद केल्यामुळे आतल्या प्लेटी जळल्या नव्हत्या. लेथवाल्याने शाफ्ट कापला, जोडला, पिराजीने तो स्वतः फिरवून सरळ असल्याची खात्री केली. आणि मग एकीकडे लाल, दुसरीकडे काळं, अशी दोन वेगळी ऑईलं भरली.

आयुधपूजेच्या सकाळी खाणीवर झेंडूच्या माळा होत्या. लॉऱ्यांना, कॉम्प्रेसरला, घणांनासुद्धा हळदकुंकू लागलं होतं. हयवदनराव माथ्यावर उभे होते. खाली पिराजी जीपमध्ये चढला, कुबड्या बाजूला ठेवल्या. पिंपं काठोकाठ भरलेली होती. परसू शेजारी बसायला निघाला.

"तू चालत ये," पिराजी म्हणाला. "तुझ्या वजनात एक हंडा जास्त जातो."

त्याने हाताने ट्रान्सफर केसचे दांडे ओढले, चारही चाकं जोडली, आणि उजवा पाय दाबला. पहिलं वळण. दुसरं. मागच्या वेळी जीप घसरली होती तो खडक आला. पिंपातलं पाणी मागे हेलावलं, पुढची चाकं हलकी झाली. पिराजीने पाय उचलला नाही, दाबलाही नाही, होता तिथेच धरला. इंजिनाचा आवाज चढला नाही. चाकांनी खडक पकडला, आणि जीप हळूहळू, न थांबता, तो खडक मागे टाकून पुढे गेली.

वरून आरोळी आली, "नीरु बंतु! पाणी आलं!" मग भांड्यांचा खणखणाट. बायका धावत उताराला आल्या. पोटुशी बाई मागून चालत आली. ती हसत होती आणि हंडा काखेत रिकामा होता.

जीप माथ्यावर थांबली. पिराजी आधी वाकून खाली बघू लागला. कुठे थेंब नाही. पट्टी काढली. लाल ऑईल जिथल्या तिथे. तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

हयवदनरावांनी स्वतः चाकांखाली लिंबं ठेवली. "किल्ली तुझ्याकडेच आहे," ते म्हणाले. "राहू दे. फाटकावर दुसरा माणूस बघतो. आणि मी मिशीचं बोललो ते विसर."

"विसरतो कशाला? परसूला सांगणार आहे मी."

परसू धापा टाकत वर पोचला. त्याने जीपवर हात ठेवला आणि त्याचे डोळे भरून आले. "दाजी, अक्का असती तर..."

पिराजीने स्टिअरिंगवरचा झेंडू नीट केला. मग म्हणाला, "असती तर म्हणाली असती, अंगावर केवढी धूळ, आधी मोरीत जा." आणि तो हसला. मोठ्याने हसला. परसूही रडता रडता हसला.

"उतरा आता, चहा घ्या."

"पिंपं रिकामी झाली का बघ," पिराजी म्हणाला. "अर्ध्या वस्तीचे हंडे अजून कोरडे आहेत."

शेवटचं पिंप रिकामं होताच त्याने जीप वळवली आणि पुन्हा विहिरीकडे उतरू लागला.