थर्मासमधल्या सहा गोगलगायी

सेलमहून आलेली गाडी चेन्नई सेंट्रलला लागली तेव्हा नंदिता दाराशी उभी होती. बसायला जागा होती, पण गेले दोन तास तिला बसवतच नव्हतं. छातीशी धरलेल्या स्टीलच्या थर्मासात कपभर पाणी होतं आणि त्या पाण्यात सहा गोगलगायी, एकेक मोहरीच्या दाण्याएवढी. दर थांब्याला ती झाकण सैल करून बारीक थर्मामीटर आत सोडायची. कोल्लीमलैच्या झऱ्यात एकोणीस अंश होते. जोलारपेट्टैला एकवीस झाले, अरक्कोणमला तेवीस. आणि बाहेर मे महिन्यातली, अग्निनक्षत्राच्या, म्हणजे ऐन काहिलीच्या दिवसांतली चेन्नई. सकाळचे अकरा वाजले होते आणि फलाटाची फरशी चपलेतून भाजत होती.

तिने रिक्षात बसायच्या आधीच कॉलेजच्या शिपायाला फोन लावला.

"मॅडम, लॅब सोमवारी उघडेल," तो म्हणाला. "भरतीच्या परीक्षेचं केंद्र पडलंय आपल्याकडे. सगळ्या खोल्यांना सील आहे."

"अहो, पण मला फक्त एक मायक्रोस्कोप हवाय. दोन तास."

"सील तोडलं तर माझी नोकरी जाईल, मॅडम."

त्याचं चुकलं नव्हतं. गेल्या दोन दिवसांत कुणाचंच चुकलं नव्हतं, आणि नंदिताला त्याचाच जास्त त्रास होत होता. रागवायचं तरी कुणावर?

चूक होती ती तिची स्वतःची, दोन वर्षांपूर्वीची. सेंगाडू नावाच्या वाडीवरच्या झऱ्यात (तिथले लोक त्याला सुनै म्हणतात) तिला ही गोगलगाय पहिल्यांदा दिसली. दगड उचलावा तर खाली वीस-पंचवीस. कुठल्याच पुस्तकात न बसणारी, टोकदार, मधासारख्या रंगाची. नंदिता साताऱ्याची, लग्न होऊन चेन्नईला आलेली, दर वर्षी नवा करार करून शिकवणारी प्राध्यापिका. तिच्या हाती पहिल्यांदाच काहीतरी स्वतःचं लागलं होतं. त्या आनंदात तिने चाळीस गोगलगायी उचलल्या आणि तिथेच कडक स्पिरिटात टाकल्या. स्पिरिट लागताच त्या शंखात आक्रसून दगड झाल्या. शंखाची मापं घेता आली, चित्रं काढता आली, पण आतला जीव उलगडून पाहता आला नाही. तिने शोधनिबंध लिहून एका नियतकालिकाला पाठवला. परीक्षकाने तो मार्चमध्ये परत धाडला: 'नुसत्या शंखावरून नवी जात मानता येणार नाही. या कुळात जाती ओळखतात त्या नराच्या इंद्रियावरून. निदान एक तरी नर दाखवा. जूनअखेर मुदत.'

म्हणून ती परवा पुन्हा सेंगाडूला गेली, तर सुनैवर सिमेंटची टाकी उभी होती. झऱ्याच्या तोंडाला पाइप बसवला होता आणि पाणी वाडीतल्या नळांना गेलं होतं. मागच्या खेपेला जिच्या ओसरीवर ती उतरली होती, ती अलमेलू हसत पुढे आली आणि तिने नळ सोडून दाखवला.

"तीस वर्षं दोन दोन घागरी घेऊन हा चढ चढले," अलमेलू म्हणाली. "आता गुडघ्यांना सुट्टी."

नंदिता नळाचं पाणी प्यायली, छान आहे म्हणाली आणि टाकीमागे जाऊन गुडघ्यावर बसली. टाकीच्या भिंतीतून जिथे थोडं पाणी पाझरत होतं, तिथे नेच्यांच्या मुळाशी तीन तास शोधल्यावर तिला अकरा गोगलगायी सापडल्या. अकराच. तिने सहा घेतल्या. जिवंतच न्यायच्या, जिवंतपणीच नर कुठला ते पाहायचं, तेवढा एक ठेवून बाकीच्या परत आणून सोडायच्या, असं तिने ठरवलं. निघताना अलमेलूने सांगितलं की पुढच्या आठवड्यात गवंडी येऊन तो पाझरही बुजवणार आहे.

"तेवढी हातभर भिंत न लिंपता कोरी ठेवायला सांगाल?" नंदिताने विचारलं.

"सांगेन. ऐकतील की नाही, ठाऊक नाही."

पश्चिम मांबलमच्या घरी पोचली तेव्हा थर्मामीटर सव्वीसवर होता. चपला काढल्या न काढल्या तोच तिने थेट फ्रीज उघडला, आणि मागून आवाज आला.

"तें काय ग?"

सकवारबाई, तिच्या सासूबाई. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांची मराठी नंदिताला लग्नानंतर सहा महिने नीट कळत नव्हती. जुनी, अनुस्वार ओढत बोललेली, मध्येच तमिळ हेल काढणारी. त्यांच्या फ्रीजमध्ये नैवेद्याचं दूध, विरजण आणि इडलीचं पीठ यांच्या जागा ठरलेल्या होत्या. अंड्याचा केकसुद्धा आत जात नसे.

"अम्मा, गोगलगायी आहेत. सोमवारपर्यंत थंड ठेवायच्यात."

"माझ्या फ्रीजांत मांस नको."

"मांस नाही हो, जिवंत आहेत."

"मग तर मुळींच नको."

नंदिताने वाद घातला नाही. तिने थर्मास न्हाणीघरात नेला, परातीत पाणी ओतलं, कोपऱ्यावरच्या सोडावाल्याकडून बर्फ आणला आणि दर दहा मिनिटांनी बर्फ टाक, माप पाहा, बर्फ काढ, असं सुरू केलं. फार थंड झालं तरी त्या मरतील, तापलं तरी मरतील. जेवायला बसली ती दोनदा ताटावरून उठली. तिसऱ्यांदा उठून आली तेव्हा सकवारबाई फ्रीजपुढे वाकल्या होत्या. दुधाचं पातेलं, विरजणाची वाटी आणि पिठाचा डबा त्यांनी शेजारच्या नित्याकडे पोचवला होता.

"खालचा भाजीचा कप्पा मोकळा केलाय," त्या म्हणाल्या. "सोमवारीं तूच धुवायचा. नित्याचा फ्रीज आमच्याहून सोवळा आहे असं नाही, पण आतां काय करणार."

शनिवार तसा निभावला. टॉवेलात गुंडाळलेला थर्मास कप्प्यात ठेवून, मधूनमधून बाहेर काढून नंदिताने पारा वीस-बावीसच्या दरम्यान टिकवला. तिचा नवरा गिरीधर ओरगडमच्या गाड्यांच्या कारखान्यात पाळीवर होता. रविवारी सकाळी निघताना तो म्हणाला, "नंदू, जरा झोप. तुझ्याकडे बघून मलाच धाप लागतेय." ती आडवी झाली, पण डोळा लागेना. सहापैकी सहाही माद्या निघाल्या तर? नर कोवळा निघाला तर?

साडेदहाला गल्लीच्या टोकाला फट्ट असा आवाज झाला आणि पंखा मंदावत थांबला. रोहित्र जळलं होतं. वायरमन म्हणाला, संध्याकाळपर्यंत धरून चाला. सोडावाल्याचा बर्फ सगळ्या गल्लीने तासाभरात उचलला. बाराला थर्मासात पंचवीस अंश होते. नंदिताने पाणी बशीत ओतून पाहिलं. पाच जणी हळू का होईना, सरकत होत्या. सहावी शंखाच्या तोंडाचं दार लावून बशीच्या मध्यावर नुसती पडली होती.

"मरतायत," नंदिता म्हणाली आणि स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत फेऱ्या घालू लागली. "सोमवारपर्यंत एकही राहायची नाही. मी आणखी सहा मारल्या, अम्मा. आधी चाळीस, आता सहा."

सकवारबाई ताकाचा पेला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवला.

"तुज नक्की काय पाहिजे? कॉलेजच पाहिजे, कीं दुर्बीण पाहिजे?"

"दोन डोळ्यांचा मायक्रोस्कोप. आणि चांगला उजेड."

"हिरे पाहातात तसला?"

नंदिता थबकली.

"राजगोपालकडे आहे," सकवारबाई म्हणाल्या. "टी. नगरांत, दागिन्यांच्या दुकानांत. खडे पारखतो. दहावीला माझ्याकडे शिकवणीस होता, भूमितींत कच्चा. चल. मी साडी बदलतें."

एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता. पण रविवार आणि त्यात लग्नसराई. रिक्षा पुलाखालीच अडकली ती हलेना. शेवटी दोघी उतरल्या. पुढे सकवारबाई, पिशव्या आणि कोपरांच्या गर्दीतून वाट काढत, तमिळमधून लोकांना बाजूला व्हायला सांगत. मागे नंदिता, दोन्ही हातांत थर्मास. साड्यांच्या दुकानांतून थंड हवेचे झोत रस्त्यावर येत होते, तेवढ्या चार पावलांपुरता तिला जीव आल्यासारखं वाटे. दागिन्यांच्या दुकानाच्या दारावर रखवालदाराने थर्मासकडे बोट केलं.

"काय आहे?"

"पाणी."

"पिऊन दाखवा."

नंदिताने थर्मास छातीशी ओढला. सकवारबाई पुढे झाल्या. "राजगोपालला सांग, गणिताच्या टीचर आल्यात," त्या अशा आवाजात म्हणाल्या की त्याने मुकाट्याने फोन उचलला.

राजगोपाल पन्नाशीचा होता, कपाळावर नाम, गळ्यात भिंग. माडीवरच्या त्याच्या छोट्या खोलीत एसी चालू होता. नंदिताने आधी भिंतीवरचा आकडा वाचला: बावीस. तिच्या खांद्यांतला ताण तेवढ्यानेच थोडा उतरला. काय हवंय ते ऐकून राजगोपालने हिऱ्यांची पाकिटं कुलुपात टाकली, खडे धुवायची एक काचेची वाटी पुसून दिली आणि म्हणाला, "टीचरनी आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. अर्धा तास घ्या, तास घ्या."

नंदिताने डोळे लावले. दोन वर्षं जिचा शंखच पाहिला होता, ती गोगलगाय आता समोर चालत होती. राखाडी, जवळजवळ पारदर्शक अंग, दोन लांब शिंगं, शिंगांच्या बुडाशी काळे डोळे, आणि काचेवर पसरलेला रुंद पाय. तिने श्वास रोखला. मग एकेकीची मान ताणली जाईपर्यंत वाट पाहत, उजव्या शिंगामागे काय आहे ते शोधू लागली. पहिली मादी. दुसरी मादी. तिसरी बाहेर यायला वीस मिनिटं लागली, तीही मादी. चौथी मादी. सहावी उघडलीच नाही. तिच्या दाराला सुईने स्पर्श केला तर ते आत गेलं. ती संपली होती. पाचवी मान काढून वळली, आणि उजव्या शिंगामागे, कडेखाली दुमडलेलं, टोकाला दोन फाटे असलेलं इंद्रिय स्पष्ट दिसलं. असे दोन फाटे तिने या कुळात कुठे वाचले नव्हते.

"नर आहे," ती पुटपुटली. "अम्मा, हा बघा."

सकवारबाईंनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं. "पोटालाच पाय दिसतोय ग ह्याला."

"आमच्याकडे म्हणतातच, गोगलगाय नि पोटात पाय."

"आम्ही नाहीं म्हणत," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "आतां ह्याचं काय?"

नंदिताने पर्समधून पुदिन्याच्या खड्यांची पुडी काढली. दोन खडे पाण्यात टाकले की गोगलगाय मान बाहेर ठेवूनच गुंगते, मग झोपते. त्यानंतर स्पिरिट. पुडी उघडली तशी खोलीभर डोकेदुखीच्या बामाचा वास पसरला. पण तिचा हात पुढे जाईना.

"एकच नर आहे," ती म्हणाली. "तिथल्या पाचांत दुसरा नसला, तर मी ही जात नाव ठेवता ठेवता संपवली असं होईल."

"आणि नाहीं मारलास तर?"

"तर कागदावर ही नाहीच. जे नाहीच, त्याच्यासाठी कोण भिंत कोरी ठेवणार?"

सकवारबाई खुर्चीत मागे टेकल्या. "ज्या पाचांचं पाहिलंस त्यांत एक नर. तिकडे पाच राहिल्यात. त्यांत एकही नाहीं असं धरायला तुजकडे काय आधार आहे? आहे असं धरायलाही नाहीं. हें गणित इथें बसून सुटायचं नाहीं. तूं विचारतेस, मी करूं का. मज विचारूं नको, मुली. हात तुझा आहे."

राजगोपालने खाली दुकानात काहीतरी काम असल्यासारखं केलं आणि तो बाहेर गेला. नंदिता उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. वाटीतला नर काठाने फिरत होता. तिने त्याला वेगळ्या वाटीत घेतलं आणि दोन खडे सोडले.

संध्याकाळी वीज आली. नर तोवर शांत झाला होता. सोमवारी दिवसभर प्रयोगशाळेत तिने त्याचं अंग उलगडलं, चित्रं काढली, मापं घेतली. 

मंगळवारी गिरीधरने रजा काढली आणि पहाटेच गाडी काढली. चार माद्या थर्मासातून सेंगाडूला परत गेल्या. गवंडी येऊन गेला होता. टाकीची डावी बाजू गुळगुळीत झाली होती, उजवीकडचा पाझर तसाच होता. अलमेलूच्या सांगण्यावरून की सिमेंट संपलं म्हणून, ते अलमेलूलाही सांगता येईना. नंदिताने नेच्यांच्या मुळाशी चौघींना सोडलं. आणखी कुणी दिसतं का ते शोधलं नाही. दगड हलवायची तिला भीती वाटली.

निबंध नोव्हेंबरात छापून आला. जातीचं नाव तिने सुनैवरून ठेवलं. आभारांत अलमेलू, राजगोपाल आणि सकवारबाई यांची नावं होती. सकवारबाईंनी नित्याकडून ते पान छापून घेतलं, चष्मा लावून इंग्रजीतलं वर्णन शेवटपर्यंत वाचलं आणि एका मापात दशांश चिन्ह चुकल्याचं दाखवून दिलं. ते खरंच चुकलं होतं. कॉलेजात प्राचार्यांनी शाल दिली. लोक अभिनंदन करत, नंदिता हसून मान हलवी, आणि तेवढ्यात तिच्या मनात येई, तिकडे आता किती अंश असतील?

डिसेंबरात पाऊस ओसरल्यावर ती सेंगाडूला जाऊन आली. अलमेलूने टाकीमागच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकून शेळ्या अडवल्या होत्या. पाझर चालू होता, पण पाणी गढूळ होतं. दोन दिवस पालथी पडूनही नंदिताला काही दिसलं नाही.

घरी आली तर सकवारबाई दारातच होत्या.

"दिसल्या?"

"नाही. पाणी गढूळ होतं. असतीलही, नसतीलही."

"निवळेल केव्हां?"

"जानेवारीअखेर."

सकवारबाईंनी तिच्या खांद्यावरची ओली पिशवी उतरवून घेतली. "मग फेब्रुवारींत मीही येतें," त्या म्हणाल्या. "दोघी मिळून पाहूं. आतां आधीं जेव, आणि ताटावरून उठूं नको."

नंदिता जेवली. दोनदा उठावंसं वाटलं, पण उठली नाही.