रसासोबतची गोळी

मी रसवंतीचा चरक बोलतोय. मलकापुरात स्टेशनकडून बाजाराकडे येताना निळ्या ताडपत्रीखालून घुंगरांचा आवाज येतो ना, तो माझाच. आवाज जरा जास्त आहे, मान्य. पण धंद्यात लाजून चालत नाही.

माझा जन्म खामगावच्या एका छोट्या कारखान्यातला. लोखंडी रूळ, दातेरी चाकं आणि हाताने फिरवायचं एक भलंमोठं चाक, एवढा माझा देह. उत्तमरावांनी मला विकत आणलं आणि घाम गाळत फिरवलं. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाकडे, गोकुळकडे आलो. गोकुळने मला मोटर बसवली, पट्टा चढवला, आणि माझं ते मोठं चाक नुसतं शोभेला उरलं. पावसाळ्यात मी घरामागच्या अंगणात झाकलेला असतो. तेव्हा माझ्यावर कोंबड्या बसतात. त्याविषयी मी जास्त बोलणार नाही.

गोकुळ फार दिलदार माणूस. गिलास काठोकाठ भरणार, तो संपायच्या आत वरून आणखी ओतणार. त्याची बायको सुलभाही तशीच. या घरात कोणी ‘नको’ म्हटलं, की तो संकोचतोय असंच समजतात आणि दुप्पट वाढतात.

त्यांची एकुलती एक मुलगी राखी. चौदा वर्षांची, नववीतली, बडबडी. शाळा सुटली की थेट माझ्याजवळ येते आणि गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांच्या नकला करते. लहानपणापासून अंगाने जाड. येणारेजाणारे कौतुकाने म्हणायचे, “खात्यापित्या घरची हाये पोरगी!” गोकुळची छाती फुगायची. वर्गातल्या मुली मात्र तिला वेगळंच काही म्हणायच्या. राखी सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायची, म्हणजे त्यांची मजा निघून जायची. माझ्याजवळ एकटी असली की ती हसत नसे, हे फक्त मला ठाऊक.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची मान काळी पडली. सुलभाला वाटलं, मळ साचलाय. तिने बेसन लावलं, लिंबू घासलं, शेवटी अंग घासायचा दगडही घेतला. पोरगी ओरडायची, पण मान काही उजळेना. तेव्हा कुठे तिला डॉक्टर भार्गवी मॅडमकडे नेलं. मॅडमनी मानेवरून नुसतं बोट फिरवलं आणि सांगितलं, हा मळ नाही, हे आतलं दुखणं बाहेर दिसतंय. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. राखीच्या लिव्हरवर चरबी साठली होती आणि रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर आली होती.

रिपोर्ट घेऊन तिघं माझ्यासमोर बसले. गोकुळचा चेहरा पडला होता.

“आपल्या घरात कोणी दारूले शिवत नाही,” तो म्हणाला. “मंग पोरीचं लिव्हर कसं काय बिघडलं?”

“मॅडम म्हणे, दारू नसली तरी होते,” सुलभा म्हणाली. “वजनानं होते, गोडानं होते.”

मॅडमनी साखरेसाठी एक गोळी दिली होती, रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची. मिठाई बंद, बाटलीतलं कोल्ड्रिंक बंद, तळलेलं क्वचित, आणि रोज चालायचं. सुलभाने त्याच दिवशी घरातली बिस्किटं शेजारी वाटून टाकली. चहातली साखरसुद्धा काढली. तेवढ्यात गोकुळने मांडीवर थाप मारली.

“अरे, लिव्हरची दवा तं आपल्या घरातच हाये! कावीळ झाली का लोक कुठं येतात? आपल्याकडंच ना?”

आणि त्याने माझी मोटर चालू केली. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला. मी घुंगरं वाजवत, फेस काढत, तिच्यासाठी ताजा रस गाळला. रस गोडात मोडतो, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नाही. दिवसाचे दोन गिलास होते, त्याचे तीन झाले. रात्री जेवणाचा डबा इथेच यायचा. जेवण झालं की गोकुळ स्वतः तिच्या हातावर गोळी ठेवायचा आणि दुसऱ्या हातात रसाचा गिलास द्यायचा. गोळी घशाखाली उतरली की त्याला समाधान वाटायचं.

तीन महिन्यांनी तिघं पुन्हा दवाखान्यात जाऊन आले. त्या दिवशी राखीने मॅडमची नक्कल करून दाखवली, म्हणून मला सगळं कळलं.

“वजन वाढलंय. लिव्हरचे आकडेही वाढलेत. गोळी चुकवतेस का गं?” असं मॅडमनी विचारलं.

“नाही मॅडम, एक दिवस नाही चुकवली,” गोकुळने अभिमानाने उत्तर दिलं. “मी सोता देतो. ताज्या रसासंगं.”

मॅडमनी म्हणे चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्यांनी समजावलं. जास्तीची साखर आली की लिव्हर तिची चरबी करून ठेवतं. गोळी एका बाजूने ओढते, रस दुसऱ्या बाजूने. असंच चाललं तर त्या मऊ लिव्हरवर वण पडतील, ते कडक होईल, आणि मग मागे फिरता येणार नाही. आज मात्र फिरता येतं. वय लहान आहे, पुरतं बरं होऊ शकतं.

नक्कल संपली. नेहमीसारखं कोणी हसलं नाही. गोकुळ मान खाली घालून बसला होता. लोखंडालाही वाईट वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या रुळांतून निघालेला प्रत्येक थेंब मला आठवला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला चालूच केलं नाही. गिऱ्हाइकं येऊन परत गेली. शाळेला सुट्ट्या लागलेल्या, राखी सकाळीच आली.

“काऊन बंद ठेवला चरक?”

“माह्या हातानं तुले पाजून राह्यलो होतो मी,” गोकुळ म्हणाला.

“मंग चरक बंद करून माह्यं लिव्हर बरं होते का? धंदा बसन फक्त.” तिने माझ्या मोठ्या चाकाला हात लावला. “मोटर काढा बाबा. हे मी फिरवतो.”

“तुह्याच्यानं नाही होत बाई.”

“व्यायाम सांगितला ना मॅडमनं? रस्त्यानं पळाली तं लोक पाहून हसतात. इथं हसले तं रसाचे पैसे तं देतीन!”

गोकुळला हसू फुटलं. त्याने पट्टा काढला. राखीने चाकाला दोन्ही हातांनी धरलं, आणि किती वर्षांनी मी माणसाच्या ताकदीने फिरलो! पहिला ऊस अर्ध्यात अडकला. ती लाल झाली, धापा टाकू लागली, पण ऊस बाहेर काढूनच थांबली. मी शक्य तेवढं हलकं फिरायचा प्रयत्न केला. गोळी आता पाण्याबरोबर जाऊ लागली.

पावसाळ्यात मी कोंबड्यांखाली होतो. पहाटे मला दोघांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. राखी पुढे, आणि पोट सांभाळत गोकुळ मागे. “थांब ना बे थोडी!” असं बाप लेकीला म्हणायचा. स्वयंपाकघरातून ज्वारीची भाकरी थापल्याचा आवाज यायचा. सगळं सुरळीत झालं असं समजू नका. दिवाळीत राखीने चिवड्यावर आणि करंज्यांवर असा ताव मारला, की दुसऱ्या दिवशी अंगणात येऊन माझ्या चाकाला टेकून रडली. सुलभा बाहेर आली, तिला रागावली नाही, म्हणाली, “चाल, आज मी येतो संगं.” त्या दिवसापासून तिघं जाऊ लागले.

परवा माझा यंदाचा हंगाम सुरू झाला. त्याच सकाळी रिपोर्ट आला होता. लिव्हरवरची चरबी बरीच उतरली आहे, रक्ताचे आकडे जवळजवळ ठीक आहेत. गोळी अजून चालू राहील, चालणंही. मानेचा रंगसुद्धा उजळू लागलाय. सुलभाने रिपोर्ट माझ्या घुंगरांना टेकवून नमस्कार केला. देव्हारा घरी राहिला, मान मला मिळाला.

पहिला गिलास देवाला दाखवून झाला. दुसरा हातात घेऊन गोकुळ उभा राहिला. द्यावा की न द्यावा, त्याला कळेना.

“मॅडम म्हणे, सणावाराले दोन घोट चालते,” राखी म्हणाली. तिने गिलास घेतला, दोन घोट घेतले, डोळे मिटून चव घेतली आणि गिलास खाली ठेवला.

“बस. पुरे.”

या घरात हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. गोकुळचा हात सवयीने पुढे झाला, ओठ हलले. ‘एवढासा उरला, पी ना’ हे वाक्य त्याच्या तोंडात तयार होतं, मला स्पष्ट दिसत होतं. त्याने ते गिळलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “बरं बेटा.”

माझा रस कोणी गिलासात तसाच ठेवला तर एरवी मला अपमान वाटतो. पण तो उरलेला रस पाहून मी इतका खूश झालो, की कोणी फिरवलं नसतानाही एक घुंगरू वाजलं. वारा असेल, असं सुलभा म्हणते. म्हणू दे.

तुम्हीही कधी मलकापूरला आलात तर माझ्याकडे या. आग्रह करायची हौस असेल तर मला करा. कितीही ऊस घाला, मी नको म्हणणार नाही. पण तुमच्या लेकराने ‘पुरे’ म्हटलं, तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.