मिठात काय सडतंय

कातडी कमावायच्या कारखान्यात त्याला सगळे नाकाड्या म्हणत. नाक मोठं होतं म्हणून नव्हे, चालायचं म्हणून. खारवलेल्या कातड्यांची थप्पी आली की तो नुसता वाकायचा अन् सांगायचा, "मधलं काढ, कुजलंय." त्याच जोरावर कातड्यांचे केस सोडवायच्या चुन्याच्या हौदातून वर येऊन तो निवडीवर बसला होता.

मग कपाळामागं पू साचायला लागला आणि हळूहळू वास गेला; कारखान्यात त्याने कुणाला कळू दिलं नाही. गोळ्या घेतल्या की थोडे दिवस बरं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं होतं, ते तो इमानेइतबारे करायचा. नाक धुवायची बाटली मात्र कधी धुतली नाही.

"आतून बुळबुळीत झालीय ती," बायको म्हणायची. "आणा, घासून देते."

"अगं, अख्ख्या जनावराचं कातडं मिठात टिकतं. मिठात काय सडतंय? तू तुझी भांडी घास."

नव्या डॉक्टरीणबाईंनी नाकातला पू आणि बाटली, दोन्ही तपासायला पाठवलं. दोन्हीकडे एकच जंतू निघाला.

"काका, कातड्यावर तुम्ही मीठ फावड्याने टाकता. इथे चिमूटभर. एवढ्यात जंतू मरत नाहीत, बुळबुळीत थर करून त्याखाली बसतात. नाकातही तसाच थर आहे. गोळी वरचे मारते, खालचे पुन्हा उठतात. आणि तुम्ही रोज बाटलीतून नवी भरती करताय. आधी कुणी विचारलं नाही बाटलीचं?"

कुणीच नाही. इतके महिने गोळ्या लिहून देणाऱ्यांना तेवढं तोंड उघडायला काय झालं होतं?

"वास परत येईल?"

"सांगता येत नाही. कारखान्यातला चुना मात्र टाळा, नाक आतून जाळतो."

दुसऱ्या दिवशी मुकादमाने थप्पी पुढे ओढली. "सांग, नाकाड्या."

तो वाकला. भिंत हुंगल्यासारखं. खरं बोलावं तर जागा जाते.

"चोख आहे."

मुकादमाने वरच्या कातड्याचे केस ओढले. मूठभर हातात आले, खाली हिरवट लगदा. बाकीचे नाक दाबून मागे सरले. तो तसाच वाकलेला.

"उद्यापासून हौदावर."

"चुना टाळायला सांगितलाय हो मला."

"मग घरी बस."

रात्री बायकोने नवी बाटली आणि उकळून गार केलेलं पाणी पुढ्यात ठेवलं. त्याने मुकाट्याने नाक धुतलं. सकाळी तोंडाला फडकं बांधलं आणि हौदात उतरला.