हनुवटीपर्यंत आलेलं पाणी

मी एक चित्र आहे. माझ्या हनुवटीपर्यंत पाणी आलंय, म्हणून बोलून घेते. एकदा तोंड बुडालं की कोण बोलणार?

माझं कूळ जरा लांबचं आहे. विलायतेत एक जुनी दंतकथा होती. एक सरदार समुद्रापलीकडे लढाईला निघाला. बायकोला म्हणाला, "दिवा घेऊन किनाऱ्यावर उभी राहा. मी येईपर्यंत मागे सरकू नकोस." ती उभी राहिली. तो तिकडेच रमला. भरती चढत गेली, आणि त्याची नाव आली तेव्हा पाण्यावर नुसता दिवा तरंगत होता. व्हिक्टोरिया राणीच्या काळात कुणा साहेबाने त्यावर कविता केली, कवितेवरून दुसऱ्याने चित्र काढलं, आणि त्या चित्राचा पुस्तकात छापलेला फोटो बघून भिकाजीने मला रंगवलं. म्हणजे मी त्या कथेची खापरपणती!

माझा जन्म १९९४ सालचा, दुबईतल्या रास अल खोरच्या एका वर्कशॉपमधला. पुरुषभर उंचीच्या प्लायवुडवर मी जन्मले. दुबईच्याच डेरा भागातल्या एका हॉटेलला इंग्रजी थाटाचं रेस्टॉरंट सजवायचं होतं. वर्कशॉपचे मालक परेशशेठ भिकाजीला गोष्ट समजावताना म्हणाले, "सिंपल आहे रे. नवरा लेट झाला, बायको बुडाली. पण आपण पाणी फक्त घोट्यापर्यंत दाखवायचं. गेस्ट लोक जेवायला येतात. यल्ला, चल, कर सुरू."

भिकाजी मालवणकडचा. घरी गणपतीच्या मूर्ती रंगवण्याचा बापजाद्यांचा धंदा. त्यामुळे हाताला सवय अशी, की डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, आंघोळ करून, कुणाशी न बोलता. डोळे उघडले की मूर्तीत जीव येतो, असं ते लोक मानतात. माझेही डोळे त्याने तसेच उघडले. समोर काही न ठेवता काढता येतील असे डोळे बिचाऱ्याला दोघांचेच ठाऊक. एक गणपतीचे, दुसरे गावी ठेवलेल्या बायकोचे, आशाचे. माझ्या वाट्याला आशाचे आले.

त्याच्या खोलीत राहणारा हमदुल्ला सुतार मला बघून दचकलाच. "भिकाजीभाई, ये तो भाभी है! फोटो में देखा है मैंने. जिंदा औरत को डूबनेवाली क्यों बनाया?"

"अरे, तस्वीर ही तो है," म्हणत भिकाजी हसला. पण ब्रश धुताना त्याने माझ्याकडे पाठ केली.

हॉटेलात माझं बरं चाललं होतं. लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. एकदा एका मराठी पोराने विचारलं, "मम्मी, इज शी ड्राउनिंग?" आई म्हणाली, "नो बेटा, ती पाय धुतेय. सूप पी."

पण माझ्या पाठच्या भिंतीत एसीचं पाणी मुरत होतं. माझा खालचा भाग फुगला, रंगाचे पोपडे निघाले. भिकाजीला दुरुस्तीला पाठवलं. फुगलेल्या लाकडावर झग्याच्या नाजूक चुण्या काही केल्या जमेनात. लाटा काढल्या की मात्र फुगवटा त्यात खपून जातो. त्याने पाणी गुडघ्यापर्यंत आणलं. शेठ खूश, हॉटेलवाले खूश.

त्याच सुमारास गावी आशाच्या पायांवर सूज आली.

भिंत कुणी दुरुस्त केली नाही. तिच्यासाठी रेस्टॉरंट बंद ठेवण्यापेक्षा पेंटर बोलावणं सोपं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! ओल वर चढली तसा भिकाजी पुन्हा आला आणि पाणी कमरेपर्यंत गेलं. गावी सूज गुडघ्यांवर चढली. कुडाळच्या डॉक्टरने मूत्रपिंडाचं दुखणं सांगितलं. हे सगळं तो फ्रेम धरायला आलेल्या हमदुल्लाला सांगायचा, माझ्या डोळ्यांकडे न बघता.

"घर जाओ, भाई," हमदुल्ला म्हणायचा.

"जाऊंगा. इस गणपती को पक्का."

एका वर्षी घराचा स्लॅब आडवा आला, एका वर्षी भावाचं लग्न. गणपती येऊन जायचे, भिकाजी इथेच. पाणी छातीला लागलं, मग हनुवटीला. तिकडे सूज पोटावर आली, चेहऱ्यावर आली. माझ्यामुळे ती आजारी पडली असं मी म्हणत नाही. भिंत ओली म्हणून मी फुगले, मूत्रपिंडं थकली म्हणून ती. पण डोळे तिचे आहेत, आणि पाणी त्याच्याच हातून चढत होतं. मला त्या माणसाची भीती वाटायला लागली. त्याला माझी वाटत होतीच.

काल तो पुन्हा आला. आता ओल ओठांपर्यंत पोचली होती. परेशशेठ घाईत होते. "तोंड जाऊ दे, डोळे ठेव. उद्या इथे पार्टी आहे. एक कोट मार, खलास."

भिकाजीने निळा रंग घोटला. ब्रश माझ्या ओठांपाशी आणला आणि त्याचा मोबाइल वाजला.

"आशा? बोल गो. आयकतंय मी... दम लागता? मग बोलू नको. नको बोलू..." मग म्हणाला, "होय, येतंय. ह्या वेळी खराच येतंय."

त्याने निळा रंग बाजूला ठेवला. हात धुतले. डोळे काढायचा बारीक ब्रश घेतला आणि कुणाशी एक शब्द न बोलता, पुस्तकात जिथे नुसता रिकामा समुद्र आहे तिथे, पार क्षितिजावर, तांदळाच्या दाण्याएवढी एक नाव काढली.

"अरे, ओरिजिनलमध्ये बोट नाहीये!" शेठ ओरडले.

"आता आहे, शेठ. तुमच्याकडे ठेवलेला माझा पासपोर्ट द्या."

जाताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने माझ्या डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग गेला.

तो पोचला का, आशा आहे का, मला काहीच कळलेलं नाही. आज परेशशेठनी नवा पेंटर पाठवलाय. तो समोर बसून भिकाजीचाच निळा रंग घोटतोय. लांबची नाव त्याच्या लक्षातही आलेली नाही.

तुमच्यापैकी कुणी जवळपास असाल तर त्याचा हात धरा हो. मला टिकवा असं म्हणत नाही. मी फुगले, सडले तरी चालेल. पण नाव अजून फार लांब आहे. ती किनाऱ्याला लागेपर्यंत तेवढं पाणी वाढवू नका.