तेलाचा थेंब नसलेला चिवडा

सोसायटीच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. आत्माराम महाराजांनी दत्तारामला वजनकाट्यावर उभं केलं. ब्याऐंशी किलो. मग हातात चिवड्याची वाटी दिली. तो ती फस्त करेपर्यंत महाराजांनी काटा मांडीवर घेऊन विभूती लावली, मंत्र पुटपुटले. दत्ताराम पुन्हा चढला. ऐंशी.

"साध्या चिवड्याचा भार खाणाऱ्याला," महाराज डोळे मिटून म्हणाले, "आमच्या चिवड्याचा भार आम्हाला."

"पोटावरून पटतं," मागून कोणीतरी कुजबुजलं. पण त्यानेही दोन पाकिटं घेतली.

पाकिटं विकत होती तिसऱ्या मजल्यावरची आनंदी. आत हिरवी चिठ्ठी, तिच्यावर महाराजांचा पंजा आणि ठळक अक्षरं: 'तेलाचा थेंब नाही. कितीही खा.'

दाराशी उभ्या सुचेताचा जळफळाट होत होता. परळची खोली सोडून मीरा रोडला आल्यापासून सात वर्षं बिल्डिंगभर तिचाच चिवडा जायचा, मेणबत्तीवर तोंड चिकटवलेल्या साध्या पिशव्यांतून. आता सगळी गिऱ्हाइकं आनंदीकडे. तेही तिने गिळलं असतं. पण नवरा, दत्ताराम? त्याच्या हृदयाचा त्रास बघून डॉक्टरांनी तळलेलं मूठभरच खा, असं बजावलं होतं. इतके दिवस तो ऐकायचा. आता संध्याकाळी आख्खं पाकीट संपवायचा.

"अहो, पुरे."

"अगं, लेबल वाच की. तुझ्यासारखं तेलकट नाहीये."

ते 'तुझ्यासारखं' तिला चार दिवस टोचत राहिलं. पाचव्या दिवशी तिने आनंदीच्या रिकाम्या पाकिटात आपला चिवडा भरून पुढे ठेवला. दत्तारामने दोन वाट्या चापल्या.

"बघ, किती हलका. आनंदीच्या हाताला चव आहे हं."

त्याने तिसरी वाटी मागितली तेव्हा मात्र तिने पाकीट ओढून घेतलं.

रविवारी पुन्हा गर्दी जमली. मांडीवरचा काटा महाराजांनी खाली ठेवताच सुचेता पुढे झाली.

"थांबा. अजून कोणी चढू नका. रिकामा काटा किती दाखवतोय ते बघा."

सगळे वाकले. सुई शून्याच्या दोन घरं खाली होती. तिने कडेची बारीक चकती अंगठ्याने फिरवली, सुई शून्यावर आली. अजून फिरवली, पाचवर गेली.

"काटा मांडीवर असतो तेव्हा हेच चालतं. मंत्र तोंडात, अंगठा चकतीवर."

मग आनंदीचं बंद पाकीट फोडून तिने हिरवी चिठ्ठी ट्यूबलाइटसमोर धरली. कागद तेलाने इतका पारदर्शक झाला होता की पलीकडची तिची बोटं दिसत होती, नेमकी 'थेंब नाही'च्या मागे.

"तुम्हाला माझं बघवत नाही, सुचेताताई," आनंदी म्हणाली.

"नाहीच बघवत. पण माझ्या जळण्याने कागदाला तेल सुटलं नाही." ती नवऱ्याकडे वळली. "आणि अहो, गुरुवारी खाल्लात तो हलका चिवडा माझा होता. तेलकट."

दत्ताराम खाली बघू लागला. महाराज काटा तिथेच टाकून निघाले.

छापलेलं वाचावंच, पण छापणाऱ्याला पुरावाही मागावा. 'तेल नाही' लिहिल्याने तेल पोटात जायचं थांबत नाही. लेबलावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा मात्र दुप्पट खातो.

पुढच्या आठवड्यापासून सुचेताच्या पिशव्यांतही चिठ्ठी आली, तिच्याच अक्षरात: 'तळलेला आहे. मूठभर खा.'

दत्तारामने ती वाचली आणि आपला भला मोठा पंजा पसरला. "मूठ कोणाची?"

"माझी," सुचेता म्हणाली आणि मूठभर चिवडा त्याच्या तळहातावर ठेवला.