थोरलीच्या नावाचा फोटो

मी एक फोटो आहे. हातभर उंच, तपकिरी पडलेला. आयुष्यभर लोकांनी मला एका गाजलेल्या नटीच्या नावानं ओळखलं. चेहरा मात्र तिचा नाही. दुसऱ्याचं नाव वागवून मी आता पार थकलोय.

नव्या नाटकाच्या जाहिरातीसाठी फोटो हवा होता आणि ऐन दिवशी नटीला सणकून ताप भरला. कंपनीच्या मालकांनी तिच्या धाकट्या बहिणीला स्टुडिओत नेलं. ती पडद्यामागे थोरलीचे केस विंचरायची, पोशाखांना टाके घालायची. तिलाच राणीचा पोशाख चढवला.

"हलू नकोस, बाई," फोटोग्राफर ओरडला. तिला हसू आवरेना. शेजारच्या दातावर चढलेला तिचा सुळा त्या हसण्यात तसाच उमटला.

"माझ्यापेक्षा झकास दिसतेस की गं," बरी झाल्यावर थोरली म्हणाली. धाकटीला मात्र पुन्हा कुणी फोटोला बसवलं नाही.

पुढे कंपनी बुडाली. मी न्हाव्याच्या दुकानात धूर खाल्ला, भंगारवाल्याकडे पालथा पडलो. तिथून मला दातांच्या डॉक्टरांनी उचललं. त्यांना जुन्या नटनट्यांचे फोटो जमवायचं वेड होतं. घरातल्या भिंती भरल्या तसे आम्ही दवाखान्यात आलो. डॉक्टरांनी माझ्याखाली थोरलीच्या नावाची पितळी पट्टी बसवली. "माझ्या संग्रहातलं रत्न!" ते सांगायचे. दाढ ठणकणारा माणूस रत्न काय बघणार? तो कण्हत घड्याळ बघायचा.

एके सकाळी गाल धरून एक म्हातारी आली, सोबत तिची मुलगी. म्हातारी माझ्यासमोर थबकली.

"अगं, ही मी!"

"आजी, आधी दात बघू," डॉक्टर हसून म्हणाले. तिनं तोंड उघडलं आणि त्यांचं हसू विरलं. ते बाहेर आले, मला निरखलं, परत आत गेले. दुखत होता तो नेमका तोच सुळा.

"काढावा लागेल," ते चाचरत म्हणाले.

"काढा की. फोटोत आहेच तो."

जाताना डॉक्टरांनी तिचं नाव विचारलं. "पट्टी बदलून घेतो."

"राहू द्या हो. ताईच्या नावापुढे लोक थांबतात. माझ्या नावापुढे कोण थांबणार?"

पट्टी राहिली. डॉक्टरांनी मला रत्न म्हणणं मात्र सोडलं.

काही महिन्यांनी मुलगी एकटीच आली. "आई गेली. घरात तिचा एकही फोटो नाही. याची प्रत मिळेल का?"

डॉक्टरांनी हात पाठीमागे बांधले. जमवणाऱ्याच्या हातून वस्तू सुटत नाही, हे मी जन्मभर पाहिलंय. आतल्या दारातून त्यांची बायको म्हणाली, "अहो, तुमची हौस आहे. तिची आई आहे."

डॉक्टर स्टुलावर चढले. मला उतरवलं, पट्टीचे स्क्रू काढले.

"प्रत मला राहू द्या," ते म्हणाले. "हा तुम्ही न्या."

आता मी मुलीच्या घरी, खिडकीसमोरच्या भिंतीवर आहे. रोज सकाळी ती काच पुसते आणि तशीच उभी राहते. आईचं तरुणपण तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

माझ्या कडा कसरीनं खाल्ल्यात. समोरच्या उन्हानं चेहराही विटत चाललाय. मला विश्रांती हवीय, खोटं कशाला बोलू? पण बाई, मला जरा सावलीत टांग. तुझं बघून व्हायचंय अजून.